कडी राहिली

आमचे कडीसर संगणकाकडे पाठ करून बसायचे. प्रयोगशाळेत त्यांचं एक लाकडी स्टूल होतं. टेकायला काही नाही आणि एक पाय जरा आखूड. त्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसत, डोळे मिटत आणि म्हणत, "हं, चालव." मग आपण आपला प्रोग्राम चालवायचा. पडद्यावर काय उमटतं ते सर बघतच नसत. ते ऐकत असत.

कॉलेजात त्यांना अर्धवट म्हणत. समोर 'सर' म्हणत आणि त्यांची पाठ वळली की कपाळाजवळ बोट फिरवत. बोट फिरवणारी माणसं अजून आपापल्या खुर्च्यांवर आहेत आणि ते स्टूल रिकामं आहे, म्हणून हे लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. काही मागेपुढे झालं तर समजून घ्यावं.

सर आम्हाला कंपायलर शिकवायचे, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्राम. त्यातला मोठा भाग म्हणजे पार्सर. पार्सर म्हणजे लिहिलेली ओळ शब्दाशब्दाने वाचून तिची मांडणी ओळखणारा प्रोग्राम. लग्नात दाराशी एक जण उभा असतो बघा, येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, तुम्ही मुलाकडचे, तिकडे बसा. तुम्ही मुलीकडचे, इकडे या. पार्सर शब्दांच्या बाबतीत तेच करतो. कुठला शब्द कुठल्या नियमात बसतो ते ठरवतो. आणि हे करताना तो पावलापावलाला वर्दी देत असतो: या नियमात शिरलो, पुढचा शब्द डोकावून पाहिला, तो घेतला, नियमातून बाहेर आलो. या वर्द्यांना डीबग घटना म्हणतात. त्या पकडायला एक वेगळा छोटा प्रोग्राम लावता येतो. पुस्तकात त्याला लिसनर म्हटलंय. सर त्याला 'ऐकणारा' म्हणायचे, आणि तो खरोखरच ऐकू येईल अशी व्यवस्था त्यांनी केली होती.

प्रत्येक वर्दीला एक आवाज. पार्सर नियमात शिरला की कडी काढल्याचा आवाज. बाहेर आला की कडी लावल्याचा. पुढचा शब्द डोकावून पाहिला की सरांचंच "हं?" शब्द घेतला की स्टीलचा पेला फरशीवर ठेवल्याचा. चूक सापडली की सरांचा खोकला. आणि चूक झाल्यावर पार्सर कधीकधी नको असलेला शब्द सरळ फेकून देतो आणि पुढे चालू लागतो, त्याला खराट्याचा एक फटका. कडी देवगाव रंगारीच्या, त्यांच्या गावाकडच्या घराच्या दाराची होती आणि खराटा त्याच घराच्या अंगणातला. मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलेले. नीट ऐकलं तर खराट्याच्या मागे एक कोंबडीही ओरडते.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे हसलो होतो. एवढी मुलं आपापले पार्सर चालवतायत आणि प्रयोगशाळेत नुसत्या कड्या, पेले, हं, हं, आणि मध्येच खोकला. शेजारच्या वर्गातले मास्तर येऊन विचारून गेले, "पंगत बसली का काय?"

सर भिंतीकडे बघतच म्हणाले, "बसली. तुमचं पोरगं उपाशी उठलं तर कळंल तुम्हाला. बसा."

माझं पहिलं प्रात्यक्षिक साधं होतं. कंस असलेलं गणित पार्सरला वाचायला द्यायचं. मी चालवलं. सरांचं बोट मांडीवर प्रत्येक कडीबरोबर उघडत मिटत होतं. आवाज थांबले. सरांचं बोट हवेतच राहिलं.

"कडी राहिली," ते म्हणाले.

मी पडद्याकडे बघितलं. उत्तर बरोबर आलं होतं. म्हटलं, "सर, उत्तर तर बरोबर आलंय."

"उत्तराचं काय घेऊन बसली, पोरी. आत गेलेला बाहेर आला नाय. कुठं आडकला ते बघ."

माझ्या शेजारी सविता बसायची. ती माझी वसतिगृहातलीही सोबतीण. ती कानाशी पुटपुटली, "तुझा पार्सर सासरी नांदायला गेला वाटतं." मला हसू आवरेना. पण शोधलं तेव्हा खरंच एका नियमातून मी बाहेर आल्याची वर्दी न देताच अर्ध्यातून परत फिरले होते. त्या गणिताला चाललं, पुढच्याला चाललं नसतं.

त्यांचं 'कडीसर' हे नाव त्यातूनच पडलं, पण खरं तर ते माणसांवरून पडायला हवं होतं. कारण ते माणसंही तशीच ऐकायचे. कुणी बोलू लागलं की सरांचं बोट मांडीवर सुरू. कुणी एक विषय काढून मध्येच दुसऱ्यात शिरलं की त्यांचं बोट अडकायचं आणि ते वाट बघायचे. मध्ये बोलायचे नाहीत. एकदा कँटीनमध्ये एक प्राध्यापक आपली स्कूटर बंद पडल्याची गोष्ट सांगत होते. मेकॅनिकपर्यंत आले आणि तासाची घंटा झाली, ते उठून गेले. पुढच्या महिन्यात पायऱ्यांवर भेटले तेव्हा सरांनी विचारलं, "मग? काय म्हणला तो मेकॅनिक?" प्राध्यापकांना स्कूटरही आठवत नव्हती. त्यांनी ते सगळ्या स्टाफरूमला सांगितलं आणि सगळे हसले. मला यात हसण्यासारखं काय ते तेव्हाही कळलं नाही. आपलं बोलणं एखाद्याने एवढं जपून ठेवावं, हे किती जणांच्या वाट्याला येतं?

सरांचा एक कायदा होता आणि तो मोडला तर ते खरोखर चिडायचे. ऐकणाऱ्यानं हात लावायचा नाही. पार्सर काय करतो ते ऐकणाऱ्याने फक्त ऐकायचं, त्याच्या कामात लुडबुड करायची नाही. एका मुलाने हुशारी केली होती. पार्सर चुकला की त्याचा ऐकणारा मधल्यामध्ये शब्द बदलून द्यायचा, त्यामुळे खोकला येतच नव्हता. सर स्टुलावरून उठले. ते उठलेले आम्ही क्वचित बघितले होते.

"ह्ये ऐकणं नव्हं. ह्याला तोंड दाबणं म्हणतात," ते म्हणाले. "पहिलं समदं ऐक. ऐकून झालं की मग नियम बदल, उजेडात, समद्यांच्या देखत. चोरून नाय."

मला हा कायदा पटला होता. पण माझ्यावर वेळ आली तेव्हा याच कायद्याचा मला फार राग आला.

माझं नाव इथे लिहीत नाही, पण त्याची ठेवण सांगायलाच हवी. आमच्याकडे नाव चार शब्दांचं असतं. आधी शेख, मग मी, मग पुन्हा शेख, मग अब्बांचं नाव. दोन्ही शेख लागतात. एक माझा, एक अब्बांचा. शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे असंच आहे आणि मराठवाड्यात हजारो घरांत असंच लिहितात. त्यात नवल काही नाही.

आमच्या कॉलेजात परीक्षेचे आणि पदवीचे कागद एका प्रोग्राममधून जातात. तो विभागप्रमुखांनी बनवून घेतलेला होता आणि त्यांना त्याचा मोठा अभिमान होता. शेवटच्या वर्षी पदवीवर नाव कसं छापलं जाणार ते तपासायला सांगितलं, तेव्हा मी माझं बघितलं. शेख, मी, शेख. तिथे संपलं. अब्बा नव्हते.

अब्बांचं अजिंठ्याला गाद्या-उशा भरायचं दुकान आहे. मी त्यांना फोनवर सांगितलं ते चुकून, सांगायचं नव्हतं. मग म्हणाले, "बेटा, मेरा नाम किधर गया?" हसतच म्हणाले. पण मी कॉलेजला जावं म्हणून चुलत्यांशी, शेजाऱ्यांशी भांडले ते अब्बा. पदवी दुकानात, शिलाई मशीनच्या वर लावायची, हे त्यांनी मी पहिल्या वर्षाला असतानाच ठरवलं होतं. खिळा ठोकून ठेवला होता. त्या कागदावर त्यांचंच नाव नसणार होतं.

मी कार्यालयात गेले. तिथून विभागप्रमुखांकडे पाठवलं. कडीसर कशासाठी तरी तिथेच बसले होते.

विभागप्रमुख म्हणाले, "चूक तुमच्या नावात आहे. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. तीन शब्द. सगळं जग असं लिहितं. तुम्ही दोन-दोनदा आडनाव कशाला लिहिता?"

मी म्हटलं, "सर, दुसरं अब्बांचं आहे."

"मग एक काढून टाक ना. एक शेख कमी झाला तर काय बिघडणार आहे? शपथपत्र कर, दाखला बदलून घे, गॅझेटला दे. नाव सुटसुटीत होईल. पुढे नोकरीतही त्रास नाही." आणि मग जरा हसून, "आमचा प्रोग्राम कधी चुकत नाही. एवढी वर्षं एकही एरर नाही."

मी कडीसरांकडे बघितलं. त्यांची नजर जमिनीवर होती आणि बोट मांडीवर चाललं होतं. ते एक शब्दही बोलले नाहीत. मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले. विभागप्रमुखांचा राग तर आलाच होता, पण त्यांच्याकडून मला काही अपेक्षा नव्हती. सरांचा राग जास्त आला. ऐकणाऱ्यानं हात लावायचा नाही, बरोबर. पण समोर एका मुलीला तिच्या बापाचं नाव कापून ये म्हणतायत, तेव्हाही बोटच मोजत बसायचं?

सविताला सांगितलं. ती म्हणाली, "तुझे कडीसर म्हंजी देवळातली घंटा. दुसऱ्यानं वाजवली तर वाजंल. आपण होऊन नाय." काही दिवस मी त्यांच्या तासाला गेले, पण त्यांच्याशी बोलले नाही.

मग एकदा तास संपल्यावर ते म्हणाले, "तू त्या दिवशी बोलायला लागली आणि मधीच गेली. मी वाट बघतोय."

मी म्हटलं, "सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"व्हय. ते काय सांगतेत ते पुरं ऐकत हुतो. एकही एरर नाय म्हणले. ते काय मला पचंना." त्यांनी स्टूल भिंतीकडे वळवलं. "तो प्रोग्राम आपल्या इथं चालतोय. तुझं नाव टाक. ऐकणारा लाव. चालव."

मी चालवलं. कडी निघाली. हं? पेला: शेख. दुसरा पेला: मी. मग वडिलांच्या नावाच्या नियमाची कडी निघाली. हं? पेला, आणि तो होता दुसरा शेख. म्हणजे प्रोग्रामने अब्बांचा शेख हेच वडिलांचं नाव समजून घेतलं. कडी लागली. आता ओळ संपायला हवी होती, पण अजून एक शब्द उरला होता. खोकला आला. आणि मग खराटा.

एकच फटका. मागे ती कोंबडी. अब्बा झाडून टाकले गेले आणि शेवटची कडी शिस्तीत लागली.

मी अब्बांचं नाव कागदावर नसलेलं बघितलं होतं, पण ते कसं जातं हे ऐकलं नव्हतं. बघण्यात आणि ऐकण्यात एवढा फरक असेल असं मला वाटलं नव्हतं.

"चूक झाली म्हणून पार्सर वर्दी देतोय," सर हळू म्हणाले. "पण चूक झाल्याचा निरोप पडद्यावर यायचा तो यांनी बंद करून ठेवलाय. बघ, तिथं लिवलं असंल." मी शोधलं. होतं. निरोप दाखवणारा भाग रिकामा ठेवला होता आणि शेजारी कुणीतरी टीप लिहिली होती की चुका दिसल्या की पाहणीला आलेले लोक घाबरतात. एवढी वर्षं एकही एरर नाही, ते अशा रीतीने.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी म्हटलं, "सर, आत्ताच जाऊन सांगू या."

"सांगून काय? 'त्या पोरीचं नाव वाकडं' म्हणतेत. ऐकवायला पायजे."

ऐकवायची संधी आम्ही शोधली नाही, ती विभागप्रमुखांनीच आणून दिली. कॉलेजची पाहणी करायला बाहेरून समिती आली होती आणि तिला हा प्रोग्राम दाखवायचा होता. चांगले संगणक आमच्याच प्रयोगशाळेत. विभागप्रमुखांनी कडीसरांना चालवायला बसवलं. सर्वांसमोर सरांनी विचारलं, "ऐकणारा लावू का?"

विभागप्रमुख पाहुण्यांच्या चहाकडे बघत होते. म्हणाले, "लावा हो, काय लावायचं ते लावा."

सरांनी लावला. आणि शेवटच्या वर्षाची सगळी नावं सुरू केली.

पहिली काही नावं सुरळीत गेली. कडी, पेला, पेला, कडी, पेला, कडी, कडी. समितीतल्या बाई हसून म्हणाल्या, "अरे वा, हे तर गाणंच आहे." विभागप्रमुखही हसले. मग पहिला खोकला आला आणि खराटा फिरला. लोक हसले. सर खोकतायत असं वाटून एकाने पाण्याचा पेला पुढे केला. मग दुसरा खोकला. खराटा. मग पठाणांच्या नावांवर, सय्यदांच्या नावांवर. मग सविताच्या नावावरही, कारण तिच्या वडिलांचं नाव दाखल्यावर 'बाबू राव' असं दोन शब्दांत आहे आणि त्यातला राव झाडला गेला. सविता माझ्यामागे उभी होती. ती म्हणाली, "माझ्या बापाचं बाबू केलं की यांनी." या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

खोकला, खराटा, कोंबडी. खोकला, खराटा, कोंबडी. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. सर भिंतीकडे तोंड करून बसले होते, डोळे मिटून. बाईंनी विचारलं, "हा झाडल्यासारखा आवाज कशाचा?"

सर न वळता म्हणाले, "पोरांचे बाप हायेत, मॅडम."

विभागप्रमुख पुढे आले आणि त्यांनी स्पीकरची वायर उपटली. प्रोग्राम चालूच राहिला, आवाजाशिवाय. पडद्यावर सुंदर तीन रकाने भरत गेले. एकही एरर नाही.

मला अजून राग येतो तो त्या वायरचा. एवढं सगळं ऐकल्यावर माणसाचा हात पहिल्यांदा वायरकडे जातो.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. विभागप्रमुख अगदी गोड बोलत होते. "तुझं नाव आम्ही हाताने दुरुस्त करून देतो. आजच. तुझ्यापुरता प्रश्न मिटला. फक्त तक्रार नाही असं इथे लिहून दे." कडीसर याही वेळी तिथे होते, त्यांनाही बोलावलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. बोट मांडीवर थांबलेलं होतं. ते वाट बघत होते, आणि या वेळी माझी.

मी फार बोलणारी मुलगी नाही. खरं सांगायचं तर सही करावी असंही क्षणभर वाटलं. अब्बांचा खिळा डोळ्यांसमोर होता. नाव मिळत होतं, आजच मिळत होतं.

मी म्हटलं, "सर, हाताने नको."

"म्हणजे?"

"माझं हाताने केलं तर सविताच्या वडिलांचं कोण करणार? पुढच्या वर्षीच्या मुलांचं कोण करणार? नियम बदला, सर. वडिलांच्या नावाआधी आडनाव आलं तर ते धरायचं आणि नाव दोन शब्दांचं असलं तर तेही धरायचं. एका ओळीचं काम आहे. सांगाल तर मी करून देते."

"आणि नाही केलं तर? वडिलांच्या नावाशिवायची पदवी घेशील?"

मी म्हटलं, "घेईन. आणि प्रत्येकाला सांगेन की नाव का नाही."

सरांचं बोट मिटलं. कडी लागली, एवढंच मला दिसलं.

ती ओळ बदलली गेली. पाहणी समितीने लेखी विचारलं होतं, म्हणून बदलली गेली. माझ्यामुळे बदलली असं मी म्हणत नाही. ती मीच लिहिली आणि सरांनी मला सर्वांसमोर चालवायला लावली. कडी, पेला, पेला, कडी, पेला, पेला, कडी, कडी. अब्बांचा शेख आणि अब्बा, दोन पेले शेजारी शेजारी. खोकला नाही. सर म्हणाले, "झ्याक." त्यांच्या तोंडून हा शब्द मी एकदाच ऐकला. कॉलेजच्या सूचना फलकावर मात्र असं लागलं की विभागप्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली प्रोग्राममध्ये नवीन सुविधा देण्यात आली आहे. सुविधा. बापाचं नाव ही सुविधा.

पदवी आली. मी ती अजिंठ्याला नेली. अब्बांना मराठी वाचता येतं, सावकाश. त्यांनी माझं नाव वाचलं, मग स्वतःचं वाचलं, मग पुन्हा स्वतःचं. खिळ्याला लावली. संध्याकाळी विचारलं, "ये किसने किया बोली तू?" मी सरांबद्दल सांगितलं. त्या स्टुलाबद्दलही सांगितलं. अब्बांनी चांगला कापूस काढला, पिंजला आणि स्टुलाच्या मापाची गोल उशी भरली. माप विचारलं तेव्हा मी हाताने दाखवलं होतं.

ती उशी घेऊन मी कॉलेजात गेले. नवं सत्र सुरू झालं होतं. प्रयोगशाळेत शांतता होती, मुलं पडद्याकडे बघत होती. स्टूल कोपऱ्यात उलटं ठेवलं होतं.

इथे हे सांगायला हवं की सर कायम नव्हते. तासिका तत्त्वावर होते. म्हणजे दर सत्राच्या सुरुवातीला कॉलेजने बोलावलं तर यायचं. कित्येक वर्षं ते तसेच येत होते. या वेळी बोलावणं गेलं नव्हतं. काढलं नव्हतं कुणी. काढायला हुकूम लागतो, कारण लागतं. नुसतं बोलावलं नाही. चूक झाल्याचा निरोप दाखवणारा भाग रिकामा ठेवला की झालं.

मी उशी काखेत घेऊन विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. विचारलं, "सर, कडीसरांना का नाही बोलावलं?"

ते म्हणाले, "अगं, त्याचं असं झालं की..." आणि मग त्यांनी मला बसायला सांगितलं. मग नोकरी लागली का विचारलं. मग मुलींनी किती पुढे जायला हवं ते सांगितलं. मग कुणाचा तरी फोन आला. फोन ठेवून ते म्हणाले, "बरं, आणखी काही?"

माझं बोट काखेतल्या उशीवर टेकलेलं होतं आणि मी उठले नाही. त्यांना कळेना मी का बसले आहे. मी म्हटलं, "सर, 'त्याचं असं झालं की' म्हणाला होता तुम्ही. पुढचं राहिलं."

त्यांनी घंटेचं बटण दाबून शिपायाला आत बोलावलं.

सर शहरात मुकुंदवाडीला राहतात, रेल्वे स्टेशनजवळच्या गल्लीत. घरात एकच खुर्ची होती, ती त्यांनी मला दिली आणि आपण पायरीवर बसले. मी उशी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून बघितली, खाली घेतली आणि बसले. "लई मऊ हाय," म्हणाले. "बापानं भरली?"

"हो."

"नाव आलं का त्यांचं?"

"आलं, सर. चारही शब्द."

ते खूश झाले. मी कॉलेजात गेले होते ते सांगितलं. कुणाला भेटले, काय विचारलं, सगळं सांगितलं. त्यांचं बोट मांडीवर चाललं होतं. मी "त्याचं असं झालं की" पर्यंत आले आणि थांबले. बोट हवेत राहिलं. स्टेशनात एक गाडी शिरली, थांबली, निघून गेली. सर वाट बघत होते.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

"पुढे काही नाही, सर. तिथेच सोडलं त्यांनी."

सरांचं बोट मिटलं नाही. मग ते खोकले. एकदाच. तो खोकला खरा होता की चूक सापडल्यावरचा, हे मी विचारलं नाही.